निळा पाम, पानं चार

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सहा.

क्लॉडिया ईस्टरला येणार. इंग्लंडहून, पाच वर्षांनी. फोन नेहमीप्रमाणे रोझाच्या कानाला होता आणि मी नेहमीप्रमाणे पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. पेपर उलटा धरला होता, असं रोझाने नंतर सांगितलं. बायकोला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते. मी शब्दकोडं सोडवत होतो, आणि कोड्याची उत्तरं उलटीच छापलेली असतात.

फोन ठेवताना मुलीने नेहमीचं विचारलं, झाड कसा आसा? रोझाने नेहमीचं सांगितलं, आसा. माझी चौकशी नाही. मीही कधी तिची केलेली नाही. फेब्रुवारी २०२० पासून आमचं हे असं चालू आहे. बाप-लेकीचं जे काही बोलणं आहे ते झाडामार्फत.

झाड म्हणजे पाम. जाताना तिने दिलेला, कुंडीतला, निळसर पानांचा. म्हणाली होती, डॅडी, ह्या तरी जगव. तो "तरी" मला लागला. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी आणि ड्रॅगन फ्रूट हे माझे तिन्ही प्रयोग हवामानामुळे फसले, हे तिला माहीत असूनही.

संकल्प: १३ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. ती आदल्या दिवशी पोचते. तोपर्यंत पाम असा फोफावला पाहिजे की मी फाटकाशी उभा राहून एवढंच म्हणेन, "हा बघ, जगवला." पहिलं वाक्य कुणीतरी बोलायला हवं आणि मी वडील आहे. पुढचं आपोआप होईल.

१४ जानेवारी, मंगळवार.

फाईल उघडली. शेतकी खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत मी. आस्थापना विभागात होतो हे खरं, पण रजेचे अर्ज शेतकी अधिकाऱ्यांचेच यायचे, आणि माणूस वाचता वाचता शिकतो.

उंची बावीस इंच. पानं चार. पाच वर्षांतली वाढ नमूद करण्यासारखी नाही. नावाची चिठ्ठी अजून बुंध्याला आहे, पण नाव पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेलं. "स्लो ग्रोइंग" एवढंच वाचता येतं.

नर्सरीवाल्याने तेव्हा दिलेल्या सूचना रोझाने आठवून सांगितल्या. ऊन आवडतं, कोरडं आवडतं, पाणी थोडं, खत नको, मुळं हलवू नका. मोठा झाला की पानं पंख्यासारखी उघडतात. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या नादी लागू नका.

ऐकून हसू आलं. नादी कुणी लागलंच नाही तर तो वाढेल कशासाठी? पाच वर्षं मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याचाच हा परिणाम. कुंडीतून काढून अंगणात फाटकासमोर लावायचं ठरवलं. आत येणाऱ्याची नजर आधी पामवर पडली पाहिजे.

१८ जानेवारी, शनिवार.

लावला. आमचं घर कातळाच्या कडेला, त्यामुळे खड्डा खणायचा म्हणजे जांभा फोडायचा. मंगेश पहार घेऊन आला. मंगेश खालच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, आमच्या माडांवर चढतो. त्याची आई तुळसा भाट राखते, शिंपणं करते, रोपं घालते. भाटात चाळीस माड आहेत. ते काय, आपोआप होतात.

मंगेशला खड्ड्याला दीड दिवस लागला. देखरेख मी केली. पाम कुंडीतून निघेना, तेव्हा मी स्वतः धरून ओढला. थोडी मुळं कुंडीत राहिली. थोडी म्हणजे बरीच. तुळसाने पदर तोंडाला लावून विचारलं, पात्रांव, ह्येचा मूळ खंय ऱ्हवला? (पात्रांव म्हणजे मालक, म्हणजे मी.) मी समजावलं की नव्या जागी नवी मुळं फुटतात, माणसांचंही तसंच असतं. बोलून गेल्यावर उगाच इंग्लंड आठवलं आणि दुपारी जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार.

पानांची टोकं पिवळी पडली. नव्या जागेचा संकोच. मीसुद्धा ओरोसच्या ऑफिसात रुजू झालो तेव्हा पहिला महिना पिवळाच होतो.

३ फेब्रुवारी, सोमवार.

ऊन आवडतं हे मान्य, पण किती ते नर्सरीवाल्याने सांगितलेलं नाही. दुपारी अंगणातल्या कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. काठीला काळी छत्री बांधून पामवर धरली. दोन वाजता वारा आला. छत्री तुळसाच्या परसात सापडली.

पाणी सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. रोझा भडकली. म्हणाली, विहिरीन तळ दाखवल्यान, माणसांक पुढच्या म्हयन्यात पिवक पाणी नाय, आणि तू झाडाक न्हाणयतंस. मी तडजोड केली. माझ्या वाटणीचं आंघोळीचं पाणी पामला. म्हणजे आंघोळ मीच पामशेजारी उभा राहून करायची, एका पाण्यात दोघं.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळी आठला शाळेची गाडी फाटकावरून जाते हे माझ्या लक्षात नव्हतं. योजना स्थगित.

१० फेब्रुवारी, सोमवार.

मूळ चूक सापडली! इतके दिवस मी पामला पाहुण्यासारखं वागवत होतो. पाम म्हणजे शेवटी कोण? माडाचाच भाऊबंद. आणि मालवण किनाऱ्यावर माड लावताना खड्ड्यात काय घालतात हे शेंबडं पोरही सांगेल. मीठ, राख आणि मासळीचं खत. माझ्या पप्पांनी तेच घातलं, त्यांच्या पप्पांनी तेच घातलं. क्लॉडिया जन्मली त्या आठवड्यात तिच्या नावाचा माड मी भाटात लावला, तोही मीठ घालून. निदान माझ्या आठवणीप्रमाणे मी लावला. तुळसाच्या आठवणीप्रमाणे तुळसाने.

दोन किलो जाडं मीठ घातलं. वर मालवणच्या बाजारातून आणलेली बांगड्याची डोकी आणि आतडी, पिशवीभर. तुळसा म्हणाली, पात्रांव, माडाक चलता, ह्येका चलात काय? मी म्हटलं, मालवणात राहायचं तर मालवणचं मीठ खाल्लं पाहिजे. ती पदर सावरून शिंपणाला निघून गेली. पटलं असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळी अंगणात अकरा मांजरं. पाम आडवा. मासळी शून्य.

उभा करून काठीला बांधला. मांजरांनी उकरून मीठ वाया घालवलं होतं, म्हणून आणखी एक किलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

दोन पानं वाळली. हातात घेतली तर जुन्या फाईलच्या कागदासारखी मोडली. चांगली खूण आहे. जुनी रिटायर झाल्याशिवाय नव्यांची भरती होत नाही. नोंद: पानं चार, पैकी कार्यरत दोन.

५ मार्च, बुधवार.

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली आणि उपवासाच्या काळासाठी नेम केला, ईस्टरपर्यंत हुराक वर्ज्य. काजूची पहिली धार आताच निघते, त्यामुळे हा नेम सोपा नाही. आजूबाजूला लोक काय सोडतात? कुणी साखर, कुणी टीव्ही.

मिस्सानंतर फादरकडे उरलेली राख मागितली. गेल्या वर्षीचे झावळ्यांचे क्रूस जाळून ही राख करतात, म्हणजे माडाचीच राख, तीही आशीर्वाद दिलेली. पामला याहून चांगलं टॉनिक कुठलं? फादरनी कागदाची पुडी बांधून दिली. क्लॉडिया कधी येते ते विचारलं. सांगितलं. बोलण्याच्या भरात हेही सांगितलं की झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत पहिलं पान माझ्या पामचं असेल, इंग्लंडवालीच्या पामचं. का बोललो कोण जाणे. आता फादरच्या कानावर गेलं म्हणजे रेकॉर्डवर गेलं.

७ मार्च, शुक्रवार.

मंगेशने बाटली आणून दिली. नेमाचा पुन्हा विचार केला. दारू वर्ज्य आहे. हुराक हा मुळात फळाचा रस आहे.

९ मार्च, रविवार.

एकच पान उरलं, तेही मधोमध तपकिरी. आज क्लॉडियाचा फोन आला तेव्हा मी पेपर हातातसुद्धा घेतला नाही. तिने विचारलं असणार, कारण रोझा एकदम गप्प झाली. मग म्हणाली, आसा. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिचा असा पॉज ऐकलेला नाही. त्यानंतर ती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. बायकांच्या गोष्टी असतात.

मी पामजवळ जाऊन उभा राहिलो. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, वही कुणी वाचत नाही. पाम गेला तर मी फाटकाशी तिला काय सांगणार? जाताना तिने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एअरपोर्टवर ये. आणि हे झाड जगव. कणकवलीच्या कॉलेजातली चांगली नोकरी सोडून गोदामात खोकी उचलायला निघाली होती. तिच्या आजोबांच्या गोव्यातल्या जन्माच्या दाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्यावर तेव्हा इंग्लंडात नोकरी करता यायची म्हणून. मला राग आला होता. पण मी एअरपोर्टवर गेलो नाही ते रागामुळे नव्हे. त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. डावा. किंवा उजवा.

१० मार्च, सोमवार.

उद्या कणकवलीत मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजव्या डोळ्याचं. तारीख दोन महिन्यांपूर्वीची, बदलता येत नाही. नंतर तपासणीसाठी तीन-चार दिवस ओमकारकडे राहणार. ओमकार माझा ऑफिसातला जुना सहकारी, आता मधुमेहाचा पेशंट, बाटली बंद, म्हणून घरात शांतता असते.

रोझा सोबत येणार होती. मीच म्हटलं, पामला एकटं सोडू नकोस. लगेच हो म्हणाली. तुळसा कुंपणापलीकडून म्हणाली, जावा पात्रांव, सावकाश येवा, घाय नाय. उशिरा का होईना, दोघींना पामचं महत्त्व पटलं. रोझासाठी लेखी सूचना ठेवल्या, साडेतीन पानं.

१५ मार्च, शनिवार. दुपारी.

परत आलो. डोळ्यांवर काळा चष्मा. रिक्षातून उतरलो आणि फाटकातच थांबलो.

पाम उभा आहे! हिरवागार! पानं ताठ!

मी रोझाला हाक मारली, ती आतूनच ओ म्हणाली. तुळसाला हाक मारली, तर ती विहिरीकडे निघून गेली. मग एकटाच पामभोवती दोन फेऱ्या मारल्या. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर रंग ठळक दिसतील. इतकी वर्षं मी या पामला निळा समजत होतो. निळा कसला, तो मोतीबिंदू होता. पाम पहिल्यापासून हिरवाच.

पानं पाच. याचा अर्थ चार पानं मला दिसतच नव्हती. डोळ्यांची हेळसांड करू नये हेच खरं.

मीठ लागू पडलं.

१६ मार्च, रविवार.

टेप लावली. एकोणचाळीस इंच. गेल्या आठवड्यात बावीस होते. सतरा इंचांची वाढ एका आठवड्यात होऊ शकते का, यावर सकाळभर विचार केला. आधीची मापं मोतीबिंदूच्या काळात घेतलेली, म्हणून ती रद्द केली. फाईलवर तसा शेरा मारला आणि सही केली.

पानाचा आकार थोडा माडासारखा वाटतो. लहान वयात सगळे पाम माडासारखेच दिसतात. सामान्य माणसाला हे माहीत नसतं. पंख्यासारखं पान पुढे होईल.

२२ मार्च, शनिवार.

कीर्ती पसरली. चार दिवसांत वाडीतली निदान पंधरा माणसं पाम बघून गेली. आधी पामकडे बघतात, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. बायका पदर तोंडाला लावतात. मी प्रत्येकाला मिठाची पद्धत समजावून सांगतो. एकजण म्हणाला, पात्रांव, असा झाड आमच्याकडे पण असता तर! त्याच्या बागेत दीडशे माड आहेत, पण समाधान नाही. माणसाला हौस वेगळी लागते.

रोझा हल्ली माझ्याशी फार प्रेमाने वागते. काल न मागता सोलकढी. ऑपरेशनची काळजी असावी.

१ एप्रिल, मंगळवार.

नवीन पान! मधला कोंब चार बोटं वर आला. पाच वर्षांत झालं नाही ते पंधरा दिवसांत. आनंदात मंगेशला बोलावून दाखवलं. तो नारळ उतरवायला आला होता, थोडी घेतलेली होती. डोकं खाजवून म्हणाला, पात्रांव, रागाव नकात, पण हो माड आसा.

मी तारीख बघितली आणि त्याला म्हटलं, एप्रिल फूल मला करतोस? मी ऑफिसात तेहतीस एप्रिल फूल पचवले आहेत. तो आणखी काही बोलणार होता, पण तुळसा कुठूनशी धावत आली आणि दंडाला धरून त्याला घेऊन गेली. एवढ्या मोठ्या बाप्याला. हुराक वाईट.

६ एप्रिल, रविवार.

आळं मोठं करताना मुळाशी काहीतरी लागलं. उकरलं तर नारळाचं सोडण. आत करवंटी, करवंटीतूनच बुंधा वर आल्यासारखा वाटतो. तुळसाने ओल टिकायला घातलं असेल. शहाणी बाई आहे, पण विचारून करत नाही. माती परत ओढली. नीट दाबली. नंतर बराच वेळ तिथेच बसलो होतो, का ते नोंदवण्यासारखं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार.

उद्या येते. तालीम केली. फाटकाशी डावीकडे मी, उजवीकडे पाम. "हा बघ, जगवला." आवाज कडक नको, फार मऊही नको. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. रोझा दाराआडून ऐकत होती. डोळे पुसत होती. चुलीचा धूर.

मग म्हणाली, उद्या एअरपोर्टार येतंस मां? मी म्हटलं, येतलंय तर. गुडघे दोन्ही उत्तम आहेत.

१२ एप्रिल, शनिवार.

गाडीत सामान येणार, जागा कमी पडेल, म्हणून मोपाच्या एअरपोर्टवर फक्त रोझा गेली. खरं सांगायचं तर गाडीत बसलो होतो. मंगेशने गाडी चालू केली आणि मला आठवलं की पामला पाणी घालायचं राहिलं. उतरलो. रोझा नुसती पुढे बघत राहिली.

दोन वाजता गाडी आली. क्लॉडिया उतरली. केस कमी केलेत, कानाशी चार पांढरे. माझ्या मुलीचे केस पांढरे होतात, हे मला कुणी कळवलं नव्हतं. मी ठरलेल्या जागी उभा होतो. म्हटलं, "हा बघ, जगवला." आवाज घोगरा आला, त्याला इलाज नाही.

तिने पामकडे पाहिलं. मग रोझाकडे. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. म्हणाली, बरो वाडलो, डॅडी. आणि आत गेली.

पाच वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि त्यात "डॅडी" होतं. फाईलवर शेरा: उद्दिष्ट साध्य.

रात्रीच्या जेवणाला तिघं एका टेबलाशी बसलो. मी भात दोनदा वाढून घेतला. दुसरं वाक्य तयार केलेलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार.

सकाळी सहाला पप्पांच्या कोयत्याने पामचं सर्वांत मोठं पान कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि चर्चला हातात धरून नेलं. क्लॉडिया आणि रोझा मागून येत होत्या.

चर्चच्या अंगणात झावळ्यांचा ढीग होता. ज्याने त्याने आपापल्या माडांच्या कोवळ्या झावळ्या आणलेल्या. चर्चचा एक माणूस ढिगाशी बसून पात्या फाडत होता आणि टोपलीत टाकत होता. मी पान पुढे केलं आणि फादरना बोलवायला वळलो. फादरना घेऊन परत येतो तर त्या माणसाने माझं पानही फाडून टोपलीत टाकलेलं. मी ओरडलो, ते वेगळं होतं! ते पहिलं न्यायचं होतं! त्याने शांतपणे टोपली माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, खंयचा तां काढून घेवा.

मी टोपलीत पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहिलं. एक पाती उचलली, ठेवली. दुसरी उचलली. तोच हिरवा रंग, तोच मधला हीर, तोच वास. हा वास मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. आमच्या घराला, माझ्या पप्पांच्या हातांना हाच वास होता. चष्मा काढून पुन्हा पाहिलं. फादर उभे होते, मागे माणसं खोळंबली होती आणि मला माझं पान ओळखता येत नव्हतं.

करवंटी आठवली. मंगेश आठवला. ते सगळे पदर आठवले. शेवटी हाताला लागली ती पाती घेतली आणि रांगेत उभा राहिलो.

मिरवणूक निघाली. क्लॉडिया माझ्या शेजारी आली. गाणं चालू होतं, त्यामुळे बरं होतं. मी विचारलं, माड? ती म्हणाली, माड. कधीपासून? म्हणाली, तुझ्या ऑपरेशनाच्या दिवसापासून. मम्मीने त्याच्या आधीच्या रविवारी फोनवर पडवीतून रडत सांगितलं होतं, झाड मेला, आता ह्येका काय सांगू. आणि क्लॉडियानेच सुचवलं होतं, माड लाव, डॅडीक कळाचा नाय.

इंग्लंडमध्ये बसून तिला हे माहीत होतं. कळणार नाही हे. मला आधी अपमान वाटला. मग वाटलं, गोदामात खोकी उचलता उचलता हिने हा विचार केला असेल, माझ्यासाठी. गाण्याचं एक कडवं संपलं.

मी म्हटलं, तू गेलीस तेव्हा माझो गुडघो दुखत नव्हतो.

तिने विचारलं, खंयचो?

म्हटलं, खंयचोच नाय.

तिने माझ्या हातातली पाती काढून घेतली आणि चालता चालता तिचा क्रूस विणला, सात वर्षांची असताना विणायची तसाच, एक हात आखूड. चर्चच्या दाराशी पोचताना तो माझ्या खिशात घातला.

१४ एप्रिल, सोमवार.

रोझाने मागच्या पडवीतून जुना पाम काढून दाखवला. टाकवेना म्हणून ठेवला होता. काठीएवढा वाळलेला, बुंध्यावर अजून मिठाचा पांढरा थर. चिठ्ठी तशीच. स्लो ग्रोइंग. मी मारला. हवामानाने नव्हे. चिठ्ठी सोडवून या पानाला टाचली आहे.

तुळसाला विचारलं, रोप कुठलं? म्हणाली, दुसऱ्या खंयचा, बायच्याच माडाचा. क्लॉडियाच्या नावाच्या माडाखाली पडलेल्या नारळाचं. तो माड कुणी लावला होता, हेही आज तिच्याकडून नीट ऐकून घेतलं. तुळसाने. भाटातले बाकीचे एकोणचाळीसही आपोआप झालेले नाहीत, असं दिसतं.

एकूण माड एक्केचाळीस. फाईल बंद.

संध्याकाळी तुळसा अंगणात आली. म्हणाली, आता ह्येका मूठभर मीठ होया, माडाक चलता. मी उठून पिशवी आणली आणि विचारलं, किती घालू? ती घाईघाईने म्हणाली, पात्रांव, तुमी नको.

क्लॉडियाने घातलं. मी पिशवी धरली.